फिल्म क्लब चालवणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र : 'साल्वादोर' दाखवा, पण लोकांना नुसतं रडवून घरी पाठवू नका

मंडळी, नमस्कार.

पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, पणजी-मडगावात, आणि परदेशातही जिथे जिथे चार मराठी माणसं एकत्र येऊन जगभरचे सिनेमे दाखवतात त्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहितेय. तुम्ही खिशातले पैसे घालून, हॉलवाल्याच्या विनवण्या करून, खुर्च्या स्वतः लावून हे काम करता हे मला माहितीय, आणि तुमच्यामुळेच माझ्यासारख्यांना स्पेन, इराण, चिली असल्या देशांचे सिनेमे बघायला मिळाले. म्हणूनच हक्काने लिहितेय.

विषय आहे 'साल्वादोर' हा 2006 चा स्पॅनिश सिनेमा. दिग्दर्शक मान्युएल उएर्गा, मुख्य भूमिकेत डॅनियल ब्रूल. कान महोत्सवात 'अं सर्तं रगार' विभागात दाखवला गेला, स्पेनमध्ये पटकथेसाठी गोया पुरस्कार मिळाला. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या राजवटीत 2 मार्च 1974 ला बार्सिलोनाच्या तुरुंगात मारल्या गेलेल्या साल्वादोर पुच अंतिक या पंचवीस वर्षांच्या पोराची ही खरी गोष्ट. आपल्याकडे हा सिनेमा अधूनमधून दाखवला जातो आणि दर वेळी त्याची ओळख साधारण एकाच पद्धतीने करून दिली जाते, 'कैदी आणि जेलर यांच्या मैत्रीची हृदयस्पर्शी कहाणी, रुमाल घेऊन या' वगैरे. मग सिनेमा संपतो, लोक डोळे पुसतात, कोणीतरी 'काय सुंदर काम केलंय ना त्याने' म्हणतं, आणि सगळे पार्किंगकडे. मला नेमकं याच्याबद्दलच बोलायचंय.

रडू येणारच, ते येऊ नये असं मी अजिबात म्हणत नाहीये. शेवटची रात्र ज्या पद्धतीने दाखवलीय ती बघून ज्याला काहीच वाटणार नाही त्याला काय बोलायचं. पण आपण रडून मोकळे होतो ना, ते मोकळं होणंच मला खटकतं, कारण त्या पोराला कोणी मारलं, कसल्या कायद्याने मारलं, कोणाच्या सह्या होत्या आणि त्या सह्या करणाऱ्यांचं पुढे काय झालं हे प्रश्न त्या रडण्यात वाहून जातात. आणि हे प्रश्न नसतील तर ही फक्त एका देखण्या, हुशार, दुर्दैवी मुलाची गोष्ट उरते. तो अपघातात गेला असता तरी आपण इतकंच रडलो असतो.

तर आधी तो कोण होता ते. जन्म 30 मे 1948, बार्सिलोना. मध्यमवर्गीय घर, बऱ्याच बहिणी. वडील 1936-39 च्या स्पेनमधल्या यादवी युद्धात फ्रँकोच्या विरुद्ध, प्रजासत्ताकाच्या बाजूचे, हरल्यावर फ्रान्सला पळालेले, तिथल्या निर्वासितांच्या छावणीत राहिलेले, परत आल्यावर त्यांनाही मृत्युदंड सुनावला गेला होता आणि ऐनवेळी माफी मिळाली. म्हणजे बघा, एकाच राजवटीने बापाला दोराच्या टोकापर्यंत नेऊन सोडलं आणि पस्तीसेक वर्षांनी त्याच्या मुलाला सोडलं नाही. सिनेमात हे वडील जवळजवळ गप्पच असतात, आणि मागचं माहीत नसलेल्या प्रेक्षकाला ते नुसते खचलेले म्हातारे वाटतात. ही एक गोष्ट जरी तुम्ही शोच्या आधी सांगितलीत तरी त्या गप्प बसण्याचा अर्थच बदलून जाईल.

साल्वादोर ज्या गटात होता त्याचं नाव 'मिल', म्हणजे इबेरियन (इबेरिया म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा भूभाग) मुक्ती चळवळ. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, सगळी विशीतली, काही त्याहूनही लहान, एक पाय बार्सिलोनात आणि दुसरा सरहद्दीपलीकडे फ्रान्समधल्या तुलूझला. त्यांना फ्रँको तर नको होताच, पण त्याच्या जागी येऊ घातलेला साधा संसदीय कारभारही पुरेसा वाटत नव्हता, कामगारांनी आपलं आपण चालवावं, पक्ष नको, पुढारी नको, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी बँका लुटायच्या, तो पैसा संपावर असलेल्या कामगारांना द्यायचा आणि बंदी असलेली पुस्तकं, पत्रकं छापायची. साल्वादोर बऱ्याचदा गाडी चालवायला. सिनेमात हा भाग फार पटपट, रॉक गाण्यांच्या तालावर, मजेमजेत निघून जातो आणि मला वाटतं सिनेमाची सगळ्यात मोठी कमजोरी तीच आहे. ते काय वाचत होते, आपसात कशावरून भांडत होते, ऑगस्ट 1973 मध्ये, म्हणजे अटकेच्या आधीच, त्यांनी स्वतःच आपला गट बरखास्त का केला, याला फारसा वेळच दिलेला नाही. आणि एक अवघड गोष्टही सांगायला हवी, 1973 च्या मार्चमधल्या या गटाच्या एका दरोड्यात बँकेतल्या एका कर्मचाऱ्याला गोळी लागली आणि त्याची दृष्टी कायमची गेली. त्या माणसाचा बँकेच्या मालकीशी काय संबंध होता? नोकरी करत होता. हे लपवून साल्वादोरला देवघरात बसवू नका. तो देवमाणूस नव्हता, आणि त्याला ज्या पद्धतीने मारलं ते चूक ठरायला तो देवमाणूस असायची गरजही नाही.

25 सप्टेंबर 1973. पोलिसांनी आधी एकाला पकडलं होतं, त्याच्या भेटीच्या जागेवर सापळा लावला, साल्वादोर आणि त्याचा एक साथीदार सापडले. झटापट करत त्यांना जिरोना रस्त्यावरच्या 70 नंबरच्या इमारतीच्या दारात, म्हणजे जिन्याखालच्या त्या अरुंद बोळात ओढत नेलं आणि तिथे गोळ्या सुटल्या. साल्वादोरच्या जबड्याला आणि खांद्याला गोळी लागली. फ्रान्सिस्को आंगुआस बारागान नावाचा सब-इन्स्पेक्टर मेला. तोही विशीतलाच. त्याचं नाव मी मुद्दाम पूर्ण लिहितेय, कारण आपल्या चर्चांमध्ये तो नुसता 'एक पोलीस' असतो. त्यालाही घर होतं, त्याच्याही घरी ती रात्र उजाडलीच.

आता इथे खरी मेख आहे. साल्वादोरने गोळी झाडली हे त्याने नाकारलं नाही. पण त्या बोळात इतर पोलिसही होते, त्यांनीही गोळ्या झाडल्या होत्या, आंगुआसच्या अंगात गोळ्या नक्की किती आणि कोणाच्या पिस्तुलातल्या हा साधा, कुठल्याही कोर्टात पहिला विचारला जाईल असा प्रश्न होता. शवविच्छेदन हॉस्पिटलमध्ये न करता पोलीस ठाण्यात उरकलं गेलं असं कुटुंब आणि वकील वर्षानुवर्षं सांगत आले. बचाव पक्षाने गोळ्यांची तपासणी मागितली, साक्षीदार मागितले, लष्करी कोर्टाने नकार दिला. हो, लष्करी कोर्ट. नागरी खटलाच नाही, गणवेशातले अधिकारी न्यायाधीश म्हणून बसलेले. 8 जानेवारी 1974 ला खटला चालला आणि मृत्युदंड झाला.

तारीख लक्षात घ्या, कारण त्याच्या तीनच आठवडे आधी, 20 डिसेंबर 1973 ला माद्रिदमध्ये एटा या, बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने पंतप्रधान कारेरो ब्लँकोची गाडी बॉम्बने उडवली होती. रस्त्याखाली बोगदा खणून स्फोटकं भरली होती आणि गाडी अख्खी इमारत ओलांडून आतल्या चौकात पडली. फ्रँको तेव्हा 81 वर्षांचा, कारेरो हा त्याच्यानंतर राजवट सांभाळायला ठेवलेला माणूस. त्या राजवटीला आता कोणालातरी मारून दाखवायचंच होतं. एटाची ती माणसं हाती लागली नव्हती. साल्वादोर हाती होता, तुरुंगात, जखमा अजून पुरत्या भरल्या नसतील अशा अवस्थेत. माझ्या मते या सिनेमातलं सगळ्यात खरं काही असेल तर हे, की त्या बातमीनंतर वकील ओरिओल अराऊपासून सगळ्यांचे चेहरे कसे पडतात. खटला अजून उभा राहायचाय आणि निकाल लागलेला आहे हे सगळ्यांना कळलेलं असतं.

मग दयेची धडपड. पोप सहावे पॉल, पश्चिम जर्मनीचे चान्सलर विली ब्रांट यांनीही विनंत्या केल्या. 1 मार्चला मंत्रिमंडळाची बैठक झाली. त्यांच्या पद्धतीत मंत्र्यांनी 'मारा' असं म्हणायचीही गरज नव्हती, शिक्षेची माहिती मिळाली अशी नुसती नोंद केली की झालं, दया नाकारली गेली. टेबलाभोवती बसलेल्या कोणाच्याच तोंडून तो शब्द निघाला नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस मेला.

ती रात्र सिनेमात जवळजवळ जशीच्या तशी आहे. कोठडीत त्याच्याबरोबर तीन बहिणी, सगळ्यात धाकटी लहान म्हणून तिला आणलेलं नाही, वकील बाहेर फोनवर फोन करतोय, कुठूनतरी माफीचा फोन उलटा येईल म्हणून सगळ्यांचे कान तिकडे. बहिणी त्याच्याशी जुन्या आठवणी काढून बोलतात, हसतातसुद्धा. सकाळ होते, बहिणींना बाहेर काढतात. बार्सिलोनाच्या त्या मोदेलो तुरुंगात फाशीघर असं काही नव्हतंच, कैद्यांना येणारी पार्सलं जिथे ठेवायचे त्या खोलीत एक लाकडी खांब उभा केला, त्याला बसायची फळी, मानेभोवती लोखंडी पट्टा आणि मागे फिरवायचा स्क्रू. गारोते म्हणतात त्याला. स्पेनमध्ये ही पद्धत शेकडो वर्षं चालली होती आणि माणूस चंद्रावर जाऊन आल्यावरही ती चालूच होती. जल्लाद माद्रिदहून आणला होता. सकाळी साडेनऊनंतर थोड्याच वेळात सगळं संपलं.

दिग्दर्शकाने हे पूर्ण दाखवलंय, कॅमेरा वळवलेला नाही. तुमच्यापैकी एका ठिकाणी हा प्रसंग 'फॅमिली ऑडियन्स आहे' म्हणून फास्ट-फॉरवर्ड करून दाखवल्याचं मी स्वतः पाहिलंय. कृपा करून असं करू नका. लहान मुलांना आणू नका असं आधी स्पष्ट सांगा, ज्यांना बघवणार नाही त्यांना उठून जायची मोकळीक द्या, पण जे बसलेत त्यांच्यासाठी तो भाग कापू नका. तो कापला की राज्याने माणूस मारणं म्हणजे नक्की काय करणं हेच कापलं जातं, कोण खांब उभा करतो, कोण घड्याळ बघतो, कोण कागद पुढे करतो. बाकीच्या सिनेमात जे अश्रू आहेत ते मग नुसतेच अश्रू राहतात.

आणि आता तिसरा माणूस, ज्याच्याबद्दल आपल्याकडच्या कुठल्याच शोमध्ये कोणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही. त्याच सकाळी तारागोनाच्या तुरुंगात त्याच गारोतेने आणखी एकाला मारलं गेलं. सरकारने त्याला पोलंडचा हाइंझ चेझ म्हणून जाहीर केलं होतं. त्याने सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलातल्या एकाला गोळी घातली होती, राजकारणाशी त्याचा काही संबंध नव्हता, त्याच्यासाठी मोर्चे निघाले नाहीत, पोपकडे कोणी गेलं नाही, कोठडीत बहिणी नव्हत्या. पुढे उघड झालं की तो पूर्व जर्मनीतला गेओर्ग मिखाएल वेल्झेल होता. म्हणजे ज्याला मारलं त्याचं खरं नावही मारणाऱ्यांनी नीट शोधलं नाही. एकाच दिवशी दोघांना का मारलं? साल्वादोरचा मृत्यू राजकीय दिसू नये, बघा आम्ही खुनी गुन्हेगारांना शिक्षा देतोय असं दिसावं, म्हणून, असंच तिथले बहुतेक लोक मानतात आणि मलाही तेच पटतं. एक माणूस दुसऱ्याच्या मृत्यूचा बंदोबस्त म्हणून मारला गेला.

नाटकवाल्यांनो, तुमच्यासाठी तर यात फार मोठं काही आहे. 1977 मध्ये, फ्रँको मरून दोन वर्षं होत आली असताना, एल्स जोग्लार्स या कातालान, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे त्या कातालोनियातल्या, नाटक मंडळीने या वेल्झेलवर नाटक केलं. लष्कराचा अपमान केला म्हणून त्यांच्यावरच लष्करी खटला भरला गेला, त्यांचा दिग्दर्शक अल्बर्ट बोआदेया हॉस्पिटलमधून निसटून पळाला, नट तुरुंगात गेले. हुकूमशहा गेला की हुकूमशाही दुसऱ्या दिवशी सकाळी संपत नाही हे याहून स्पष्ट कुठे दिसणार. सिनेमानंतरच्या चर्चेला एवढा एकच विषय घेतलात तरी तास पुरणार नाही.

सिनेमावर सगळ्यात कडक टीका कोणी केली माहितीय? साल्वादोरच्या जुन्या साथीदारांनीच. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या मित्राला तुम्ही गोड पोरगा करून टाकलात, त्याचा विचार काढून घेतलात आणि त्या जागी जेलरशी मैत्री घातलीत. मला त्यांचं सगळं पटतं असं नाही. तो जेलर इरुरे खरा माणूस होता, आणि आधी त्वेषाने वागणारा एक साधा नोकरदार हळूहळू समोरच्या कैद्याला माणूस म्हणून बघायला लागतो हे दाखवण्यात काही गैर नाही, उलट राजवट कोणाच्या हातांनी चालते ते त्यातून कळतं. पण साथीदारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आपण जेव्हा पोस्टरवर फक्त ती मैत्री छापतो तेव्हा सिनेमाने जे अर्धवट केलं ते आपण पुरं करतो.

म्हणून माझी विनंती अशी. शोच्या आधी दहा मिनिटं घ्या, सिनेमाचं कौतुक त्यात करू नका, ते लोक बघतीलच, त्याऐवजी यादवी युद्ध, वडिलांची शिक्षा, लष्करी कोर्ट, कारेरो ब्लँको एवढं सांगा. शोनंतर लगेच दिवे लावून 'आभार आणि पुढचा सिनेमा अमुक तारखेला' करू नका. थोडा वेळ लोकांना बसू द्या आणि मग तिन्ही नावं घ्या, पुच अंतिक, आंगुआस, वेल्झेल. कोणीतरी म्हणेल की पोलीस मारला तर शिक्षा होणारच, म्हणू द्या, त्याला गप्प करू नका, त्याला विचारा की गोळ्या तपासायला कोर्ट का घाबरलं. कोणीतरी म्हणेल तो क्रांतिकारक होता आणि क्रांतीत असं होतंच, त्याला बँकेतल्या त्या कर्मचाऱ्याबद्दल विचारा. आवाज चढले तरी चालतील.

आणि पुढे काय झालं तेही सांगा, कारण सिनेमा 1974 ला थांबतो आणि बहिणी थांबल्या नाहीत. 1977 च्या माफीच्या कायद्याने राजकीय कैदी सुटले, पण त्याच कायद्याने छळ करणारे आणि शिक्षा सुनावणारेही सुटले. खटला पुन्हा उघडा म्हणून कुटुंब सुप्रीम कोर्टात गेलं, 2007 मध्ये नकार मिळाला, म्हणजे सिनेमा थिएटरात येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. स्पेनमध्ये दार बंद म्हणून फ्रँकोच्या काळातल्या पीडितांची कुटुंबं थेट अर्जेंटिनाच्या कोर्टात गेली, तिथून माजी मंत्र्यांच्या नावाने आदेश निघाले, स्पेनने कोणालाही पाठवलं नाही. अखेर 2022 च्या लोकशाही स्मृती कायद्याने फ्रँकोच्या असल्या कोर्टांचे निकाल बेकायदा आणि रद्द ठरवले. अठ्ठेचाळीस वर्षं. कोठडीत त्या रात्री बसलेल्या तरुण बहिणी तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या.

गोव्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. स्पेनच्या शेजारच्या पोर्तुगालमध्ये हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट साल्वादोरच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत, 25 एप्रिल 1974 ला कोसळली. त्याच राजवटीने गोवा मुक्तीसाठी लढलेल्या आपल्या सांगलीच्या मोहन रानडेंना लिस्बनजवळच्या काशियासच्या किल्ल्यात 1969 पर्यंत डांबून ठेवलं होतं, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटली तरी. त्या पिढीतली माणसं अजून तुमच्या गावांत असतील तर त्यांना शोला बोलवा, पहिल्या रांगेत बसवा आणि नंतर माईक त्यांच्या हातात द्या. इबेरियातली हुकूमशाही म्हणजे काय हे सांगायला त्यांच्याहून योग्य कोण आहे.

ज्यांच्याकडे प्रोजेक्टर चांगला आहे त्यांनी सिनेमाबरोबर बार्सिलोनाचा चित्रकार होआन मिरो याची तीन मोठी चित्रंही पडद्यावर दाखवा, 1974 मध्येच पूर्ण झालेली, मृत्युदंड झालेल्या माणसाच्या आशेवरची. पांढऱ्या कॅनव्हासवर एक काळी रेघ, पूर्ण न होणारी, बाजूला रंगाचा एखादा डाग. ती बार्सिलोनात मोंजुइकच्या टेकडीवर मिरोच्या संग्रहालयात आहेत आणि साल्वादोरची कबर त्याच टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, दफनभूमीत आहे. मोदेलो तुरुंग 2017 मध्ये बंद झाला आणि त्यानंतर लोकांना आत जाऊन बघण्यासाठी खुला केला गेला. तुमच्या सभासदांपैकी कोणी त्या बाजूला फिरायला जाणार असेल तर चर्च आणि फुटबॉलच्या मैदानाबरोबर एक सकाळ तिथेही द्या म्हणावं.

शेवटी कामाचं. सिनेमा दाखवायचे हक्क रीतसर मागा, कुठून तरी डाउनलोड केलेली कॉपी लावू नका, मागितले तर लहान क्लबांना बरेचदा सवलतीत मिळतात. संवाद कातालान आणि स्पॅनिश दोन्हीत आहेत, त्यामुळे सबटायटल आधी तपासून घ्या, अर्धवट सबटायटलवर अख्खा खटल्याचा भाग कळत नाही. वर लिहिलेलं सगळं मी दोन पानांत बसवून देते, तारखा आणि नकाशासकट, मराठीत, तुम्ही झेरॉक्स काढून दारात वाटा, माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल. वक्ता मिळत नसेल तर तेही सांगा, जवळपास असेन तर मी येईन, प्रवासखर्च नको. फक्त तारीख महिनाभर आधी कळवा आणि हॉल दीड तास जास्तीचा घेऊन ठेवा.

तुमची एक प्रेक्षक